लॉरीवरची उपडी होडी

बाजाराकडं आंब्याच्या लॉऱ्या येऊ लागल्या, की माझं ऑफिसातून घरी पोचणं लांबतं. बाकीचे लोक पेट्यांकडं बघतात, वास घेतात, भाव विचारतात आणि पुढं जातात. मी ताडपत्रीकडं बघतो. मागची दोरी सुटलेली असते, कापडात वारा भरलेला असतो, ते फटाफट आपटत असतं आणि मला आतल्या आत काहीतरी खुपत राहतं. एवढा वारा पाठीवर घेऊन ही गाडी कोकणातून इथवर आली! ड्रायव्हरला गाठून सांगावं, की बाबा रे, आंबे आणलेस ते ठीक, पण सोबत वाराही ओढून आणलास, आणि त्याचं भाडं तुला कुणी देणार नाही. एकदा सांगितलंसुद्धा. त्यानं मला नीट न्याहाळलं आणि क्लीनरला म्हणाला, "साहेबांना एक आंबा दे रे, ऊन लागलंय त्यांना."

आंबा घेतला मी. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही हसली, पण बेतानंच. "लोकांच्या ताडपत्र्ये बघीत खंय उभे रवतास?" एवढंच म्हणाली आणि आंबा पाण्यात टाकला. मालवणचा तो उन्हाळा तिलाही ठाऊक आहे.

तेव्हा मी तिशीच्या अलीकडं होतो आणि मुंबईत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होतो. ड्रॉइंग ऑफिस म्हटलं, की गावाकडं लोकांना वाटे मी यंत्रं काढतो. दुसऱ्यांनी काढलेल्या यंत्रांवर पातळ कागद ठेवून ती गिरवणं, हे माझं काम. राहायला गावकऱ्यांच्या खोलीत एक ट्रंक आणि एक वळकटी पसरण्याइतकी जागा. तिथं बायको आणायची तर ट्रंकेत ठेवावी लागली असती. म्हणून ही मालवणात आईजवळ, आणि आमची शकूही तिथंच. मी चतुर्थीला जायचो आणि जमलं तर मे महिन्यात. शकू तीनेक वर्षांची झाली तेव्हा मी अंगणात ट्रंक टेकवली, तशी ती आत धावत गेली आणि ओरडली, "आये, पावणो इलो गो!" सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. नंतर विहिरीवर हातपाय धुताना मला ते हसणं पुरेना.

त्या उन्हाळ्यात मी बिनपगारी रजा घेऊन गेलो होतो, आणि डोक्यात एक बेत घेऊन. ऑफिसात कुणीतरी टाकलेल्या इंग्रजी मासिकात मी एका शर्यतीच्या मोटारीचं चित्र पाहिलं होतं. पुढून गोलसर, मागं निमुळती होत गेलेली. खाली लिहिलं होतं, की वारा अशा गाडीला अडवत नाही, तिच्यावरून ओघळतो, आणि पेट्रोल कमी लागतं. इंग्रजी मला जेवढं समजलं तेवढ्यावर मी झोप घालवली. आमच्या भाईकडं लॉरी होती, आणि ती पेट्रोल पीत होती.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळं मला शाळेत घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत सगळं त्यानंच केलं. लॉरी लढाईतल्या मोडीतून आलेली, नाक चेपलेल्या म्हशीसारखी. हंगामात आंबे घेऊन फोंड्याचा घाट चढून कोल्हापूरला, आणि येताना गूळ. मालवणापासून कणकवलीपर्यंत भाईचं नाव होतं. त्याच जातीच्या गाडीला इतरांपेक्षा तो कमी पेट्रोल जाळतो, असं सगळे ड्रायव्हर म्हणत. "भाईचो हातच तसो," म्हणत. भाई ऐके आणि मिशीतल्या मिशीत हसे. मी त्या हाताला मासिकाची जोड द्यायला निघालो होतो.

भाईला सांगितलं तेव्हा तो न्याहारीची पेज पीत होता. "म्हणजे लॉरयेक टोपी घालतलंस?"

"टोपी नाय भाई, टप. केबिनीपासून मागे उतरत गेलेलो. मग वारो अडाचो नाय."

"आणि मगे?"

मग मी खरं ते बोललो. मला परत जायचं नव्हतं. लॉरीवर दुसरा माणूस लागतोच, मला ठेव. भाईनं पेज संपवली, हात धुतला. मग म्हणाला, "एका गाडीर दोन संसार चलाचे नाय, बाळा. तुझ्या ह्या टपान पेट्रोल वाचलां, तर चलतीत. मगे रव तू. नाय वाचलां, तर मुंबयची नोकरी सोडू नको."

आई आतून म्हणाली, "आयकलंस मा? भाईन सांगल्यान हा." माझ्या आईला भाईनं सांगितलेलं आणि देवळात कौल मिळालेला सारखाच. मलाही तसंच होतं.

मग सुरू झालं ते. मला अजून त्या दिवसांचा वास येतो. जुन्या शिडाच्या कापडाचा वास, मीठ आणि माशांचं तेल आणि ऊन यांचा मिळून होणारा. पेट्यांत भरायच्या सुक्या गवताचा. अंगणातल्या वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांचा आंबट दरवळ. जेवताना ताटात बांगडा आला, की मी तो आधी उलटासुलटा करून बघे. पुढं भरलेला, मागं निमुळता, शेपटीपाशी नुसता इशारा. "तेचां लगीन ठरवचां आसा काय?" ही विचारी. "खावा आता." शकू मांडीवर बसून काटे काढलेला घास मागे. पहिल्या काही दिवसांत ती मला लांबूनच निरखायची, मग मांडीवर यायला लागली, मग एके दिवशी मी ऐकलं, ती शेजारणीला सांगत होती, "हो माजो बाबा." मी घराच्या मागं जाऊन उगाचच बांबू तासत बसलो.

पहिला टप गंगारामकाकांनी शिवला. खाडीकाठी त्यांची झोपडी होती आणि अर्ध्या किनाऱ्यावरची शिडं त्यांच्या हातची. मी कागदावर आकृती काढून दिली. ती त्यांनी विडी पेटवायला वापरली नाही, हा त्यांचा मोठेपणा. "शीड म्हणजे शीड. तू माका लांबी सांग, बाकीचां माका कळता." आता शीड शिवणाऱ्याला काय कळतं? कापडाला पोट कसं द्यायचं, ते. आयुष्यभर त्यांनी वारा धरणारं कापड शिवलं होतं; वारा सोडून देणारं कापड ही कल्पना त्यांच्या सुईला शिवलीच नव्हती. आणि मला, मासिक वाचलेल्याला, ते कापड बांधेपर्यंत लक्षात आलं नाही.

कसालच्या रस्त्याला लागलो आणि टप फुगला. असा फुगला, की मागून बघणाऱ्याला वाटावं लॉरीला दिवस गेलेत. रिकामी गाडी, समोरून वारा, आणि मागं हे पोट. भाईनं अॅक्सिलेटर दाबला तरी गाडी ओढीना. केबिनीतून त्याचा आवाज आला, "बाळा, गाडी मालवणाक परत चलली रे!" परतलो तेव्हा गंगारामकाका वाटेवर उभेच होते. फुगलेलं कापड बघून त्यांचा चेहरा उजळला. "बघलंस? कसां पोट धरल्यान तां! आता एक डोलकाठी लाय, पेट्रोल व्हयाच कशाक?"

दुसऱ्या खेपेला मी इनास मेस्ताकडं गेलो. मेस्त म्हणजे सुतार. इनास होड्या बांधायचा. त्याला म्हटलं, कापड फुगता कामा नये, आतून फासळ्या पाहिजेत, होडीसारख्या, पण उपड्या. त्याला ते एकदम पटलं. पाऊस आला की होड्या उपड्या घालून ठेवतातच. तशी एक लॉरीवर घालायची. बांबूच्या कांबी वाकवल्या, काथ्यानं बांधल्या, वर तेच कापड ताणून बसवलं. भांडण झालं ते टोकावरून. होडीची नाळ, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, मी लॉरीच्या मागच्या बाजूला ठेवायला सांगितलं. इनासनं हातोडी खाली ठेवली.

"नाळ पाठी? खंयची होडी पाठमोरी जाता?"

"मेस्ता, वाऱ्याक पुढचां टोक नको, पाठचां व्हयां."

"वाऱ्यान तुका सांगल्यान?"

"बांगडो बघ. तोंड जाडां, शेपटी बारीक."

"बांगडो जिवंत आसता रे," इनास म्हणाला. पण केलं त्यानं तसंच. आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून सांगितलं, की ह्यात आपला दोष नाही, गिऱ्हाईक मुंबईचं आहे.

ती बाजारातून पहिल्यांदा गेली, तेव्हाचं सांगतो. अख्खं मालवण कोळ्यांचं आणि खलाशांचं. होडी म्हणजे काय ते तान्ह्या पोरालाही ठाऊक. त्यांच्यासमोरून एक होडी चाललेली, उपडी, वर पाठमोरी, आणि जमिनीवरून. एक म्हणाला, "पिंगुळीवाल्यांच्या बावल्यांचो खेळ आसा काय रे आज?" दुसरा म्हणाला, "भाई, नारळ फोडलंस काय दर्याक?" भाई केबिनीत मान खाली घालून चालवत होता. मी मागं होडीच्या टोकात भोक ठेवलं होतं, त्यातून डोकं बाहेर काढून सगळ्यांना हात दाखवत होतो. मला वाटत होतं, लोक कौतुकानं हसतायत. निदान अर्धे.

परीक्षेची पद्धत मी आखली होती, आणि ती मला आजही चांगली वाटते. मालवणात टाकी गळ्यापर्यंत भरायची. कोल्हापूरला जाताना आंबे, येताना गूळ, वजन तेवढंच. परत आल्यावर टाकीत बांबूची काडी बुडवून जिथवर ओली होईल तिथं चाकूनं खूण करायची. एक खेप टपाशिवाय, एक खेप टपासकट. रस्ता तोच, गाडी तीच, चालवणारा तोच. टपाशिवायची खेप इनासकडं काम चालू होतं तेव्हाच भाईनं एकट्यानं केली. परत आला, माझ्यासमोर काडी बुडवली, मी खूण केली. मग टप घालून आम्ही दोघं.

मी मागं होडीच्या पोटात. टपाच्या शेपटीला बाहेरून लाल दोरे बांधले होते. ते फडफडले तर वारा खवळतोय, सरळ पडून राहिले तर ओघळतोय, असं मासिकात होतं. भोकातून डोकं काढून मी दोरे बघत होतो. घाट चढून कोल्हापूरच्या सपाटीला लागलो, गाडीनं वेग धरला, आणि दोरे कापडाला असे चिकटून राहिले, जसे मांजराच्या पाठीवरचे केस. मी आत एकटाच ओरडलो. ऐकायला फक्त हापूस.

येताना गुळाच्या ढेपांवर पालथा पडून घाट उतरलो. खाली दरी, वळणावळणाला करवंदांचा वास, गुळावर बसलेल्या माश्या. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत, रडतखडत उतरत होती, अगदी सावकाश, पायथ्यापर्यंत. मला आठवतं, मी मनात म्हटलं होतं, भाई किती जपून चालवतोय. मी मागं आहे म्हणून. माझे डोळे भरून आले होते. धुरानंही असेल.

मालवणात अंगणातच काडी बुडवली. आई, ही, वहिनी, सगळी जमली होती. शकू माझ्या धोतराला धरून. मी काडी वर काढली. ओल आधीच्या खुणेच्या खाली होती. टप घालून पेट्रोल जास्त जळलं होतं.

पुन्हा बुडवली. तेच.

भाई जवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जावंदे बाळा. करून बघलंस, बरां केलंस." त्या हातात इतकी माया होती, की मीच त्याची समजूत घालायला लागलो. "नाय रे भाई, चूक माझीच. वजन वाढलां ना टपाचां." ही वळली. आत गेली आणि कोपऱ्यातली माझी ट्रंक ओढून पुढं आणली, पुसली. शकूनं विचारलं, "बाबा, तू फाल्यां आसतलस?"

उद्या होतो. परवा नव्हतो. पावसामुळं बोटी बंद व्हायच्या आधीची बोट पकडून गेलो. पडावात बसून बोटीकडं जाताना किनारा मागं सरकतो, की आपण मागं सरकतो, हे मला तेव्हा कळेना. बंदरावर भाई उभा होता, शकूला खांद्यावर घेऊन. बराच वेळ उभा होता.

चतुर्थीला गेलो तर होडी घराच्या मागं पडवीला टेकवलेली. खाली लाकडं कोरडी राहिली होती, आणि एका बाजूला शकूनं घर मांडलं होतं, करवंटीची भांडी, चिंचोके. सुलाबाई नावाची एक बाहुली तिथं राहायची आणि तिचा घोव मुंबईला असायचा. पुढं कितीतरी वर्षांनी मला उपनगरात दोन खोल्या मिळाल्या आणि ह्या दोघी मुंबईला आल्या, तेव्हा शकूच्या डोक्याला दोन वेण्या होत्या आणि ती मला 'अहो बाबा' म्हणत होती. तिच्या मधल्या वर्षांतलं मला जे ठाऊक आहे, ते ऐकीव आहे. पहिला दात पडला तो कौलांवर कुणी टाकला? भाईनं. पोहायला कुणी शिकवलं? भाईनं. मी घरात गोष्टी सांगणारा म्हणून प्रसिद्ध आहे. पण माझ्या मुलीच्या लहानपणाच्या गोष्टी मलाच दुसरे सांगतात.

ह्याचं मला वाईट वाटे, राग नव्हता. कुणावर करणार? मी कल्पना काढली, ती चुकली. माणूस चुकतो. ह्या दिलाशावर माझी सगळी मधली वर्षं निघाली.

मग गेल्या हंगामात, पुतणीच्या लग्नाला जाताना, मी रेल्वेनं कोल्हापूरला उतरलो. भाई तिथं गूळ भरायला आला होता. नवी लॉरी, डिझेलची. मिशी पिकलेली, हात तसेच. म्हणाला, "बस पुढे, गजाली मारीत जावया." इतक्या वर्षांत मी भाईच्या शेजारी केबिनीत बसून घाट कधीच उतरलो नव्हतो. माथ्यावर त्यानं गाडी थांबवली, देवाला अगरबत्ती लावली, परत येऊन बसला, गाडी उताराला लावली, आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं सगळं. चाकांखालची खडी ऐकू यायला लागली. खालच्या झाडीत कुठंतरी वानर ओरडलं.

"बंद पडली?" मी घाबरून विचारलं.

"पडतली कशी? मी बंद केलंय." भाई हसला. "देवान उतार फुकट दिल्यान हा, तेच्यार तेल कित्याक जाळू? आजचां नाय ह्या. लॉरी घेतलंय तेव्हापासून असोच उतरतंय. भाईचो हात, भाईचो हात म्हणतत ना, तो हयसर आसा." आणि त्यानं हँडब्रेकवर थाप मारली.

मी बाहेर बघत होतो. वळण गेलं. मग मी म्हटलं, "त्या दिवशी चालू होती."

"खंयच्या दिवशी?"

"टप घातलेलो त्या दिवशी. मी पाठी होतंय. घाटभर दुसऱ्या गिअरात घरघरत होती. माका आयकाक येय होती."

ब्रेक दाबताना भाईच्या मानेची शीर तटतटली होती. तो म्हणाला, "तू पाठी होतंस, बाळा. गाडी सुटली असती तर? तुझ्या जिवाची जोखीम कोण घेतलो?"

उत्तर चांगलं होतं. इतकं चांगलं, की मी ते घेऊन टाकणारच होतो. गुळावर पालथा पडून मीही हेच म्हटलं होतं ना? पण तोंडातून निघून गेलं, "मगे मी काडी बुडवलंय, तेव्हा बोललंस कित्याक नाय, की आदल्या खेपेक घाटात इंजिन बंद होतां?"

भाईनं गाडी कडेला घेतली. पुढं एक बैलगाडी होती, तिला वाट दिली. गाडीवानानं रामराम घातला, भाईनं परत घातला. मग रस्त्याकडं बघतच म्हणाला, "सगळ्या गावात एकच गोष्ट होती रे माझी. भाईच्या हातान पेट्रोल वाचता. तू मुंबयसून येवन एक कापड बांधतलंस, आणि मगे लोक म्हणतले, कापडान वाचता." पुढच्या वळणावर म्हणाला, "आणि तुजे पैशे येयत मुंबयसून, ता आवशीक बरां वाटा. तुकाय थंय बरांच होतां."

मला थंय बरं होतं! मी हसलो की काय कोण जाणे. रडलो नाही एवढं नक्की. पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाला लॉरीत रडायला जागा कमी असते. मला एवढंच कळत होतं, की माझी कल्पना चुकली असती तरी चाललं असतं. ती चुकली की नाही, हेच मला कळू दिलं गेलं नव्हतं. माझी पाटी कुणी चुकीची ठरवली नव्हती. न वाचताच पुसली होती. आणि पुसणारा हात खांद्यावर ठेवलेला होता.

राग आला, पण राग धरायचा तर कुणाचा? ज्यानं मला शाळेत घातलं त्याचा, शकूला पोहायला शिकवलं त्याचा, की अंगणात 'बरां केलंस' म्हणाला त्याचा? तिघंही शेजारी एकाच सीटवर बसले होते आणि ब्रेक दाबत होते.

पायथा जवळ आला. फोंड्याची घरं दिसायला लागली, उतार संपत आला, गाडी आपल्याच वजनानं हळू होत चालली. भाई एकदम म्हणाला, "वाचलेलां रे."

"काय?"

"पेट्रोल. कोल्हापूरच्या सपाटीर गाडी हातात हलकी लागा होती. माका थंयच कळलेलां. बरांच वाचलेलां."

इतकी वर्षं मला हे एक वाक्य हवं होतं. कुणाकडूनही. आणि जगात ते सांगू शकणारा एकच माणूस होता, स्टिअरिंगवर त्याचेच हात होते. खरं सांगत होता, की आता माझी समजूत घालत होता? मगाशीही त्यानं असंच चांगलं उत्तर दिलं होतं. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. लहानपणापासून बघतोय, ओळखीचं तोंड. काही कळेना.

"खरां सांगतस?" मी विचारलं.

भाईनं चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि सुरू झालं, केबिन थरथरायला लागली. आता बोलायचं तर ओरडून बोलावं लागलं असतं. आम्ही कुणीच ओरडलो नाही.